कोणी काय वाचलं, ते नुमाताबाई सांगत नाहीत

आमच्या हिनोसेच्या प्राथमिक शाळेचं ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर आहे. ते तिथे कोणी नेऊन ठेवलं मला ठाऊक नाही, पण त्या शहाण्याला पुस्तकांचं एक खोकं उचलून एकदा तरी ते जिने चढायला लावायला हवं होतं. मी शाळेचा शिपाई, कुवानो. माळीही मीच, पोहण्याचा तलाव घासणाराही मीच आणि नळ गळला की हाक मारतात तीही मलाच. एकोणीस वर्षं हे चाललंय. त्यातली अकरा वर्षं नुमाताबाईंची खोकी वर नेण्यात गेली.

नुमाताबाई आमच्या ग्रंथपाल. वय सत्तावन्न, अंगाने लहानखुऱ्या, केस आखूड, गुडघे कामातून गेलेले. सोमवार, बुधवार, शुक्रवार आमच्याकडे आणि मंगळवार, गुरुवार बंदरावरच्या शाळेत. एप्रिलमध्ये नेमणूक, मार्चमध्ये संपली, परत एप्रिलमध्ये नेमणूक, असं अकरा वर्षं. शिक्षकांच्या खोलीत त्यांना टेबल नव्हतं. जेवणाची सुट्टी हीच मुलांची ग्रंथालयात यायची वेळ, त्यामुळे बाई जेवायच्या कधी हा प्रश्नच होता. भाताचे दोन गोळे, आत खारवलेलं आंबट फळ, उमेबोशी, ते त्या कपाटामागे उभ्याउभ्या खाऊन घ्यायच्या.

"अहो, बसून खा की," मी एकदा म्हणालो.

"बसले तर उठवणार कोण, कुवानोदादा? तुमची स्वतःची कंबर धड आहे का?"

मुलांना पुस्तक सुचवायची त्यांची तऱ्हाच वेगळी. "तुला काय आवडतं?" असं त्या कधी विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "काल रात्री जेवायला काय होतं?"

पोरगं गांगरायचं. "करी."

"कोणी केली?"

"बाबांनी. करपली होती."

एवढं ऐकून बाई दोन कपाटं ओलांडून जायच्या आणि एक पुस्तक घेऊन यायच्या. दहातली सात तरी मुलं ते शेवटपर्यंत वाचायची. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "आवडीचं विचारलं की मुलं मोठ्यांना बरं वाटेल ते सांगतात. जेवणाबद्दल कोणी खोटं बोलत नाही."

आणि त्यांचा एक नियम होता. कोणी काय वाचलं, ते कोणाला सांगायचं नाही. पुस्तक परत आलं की त्या ते पालथं ठेवायच्या, रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलाला नाव दिसू नये म्हणून. एकदा एक आई आली, चांगली नटूनथटून, आणि म्हणाली, "आमचा र्‍योहेई हल्ली काय वाचतो हो?" बाई म्हणाल्या, "त्यालाच विचारा ना. कोणी विचारलं की खूश होतो तो." आई तणतणत मुख्याध्यापकांकडे गेली. बाईंना बोलावणं आलं, त्या खाली जाऊन ऐकून आल्या, आणि पुन्हा कोणी विचारलं तेव्हा हेच उत्तर दिलं. एवढीशी बाई, पण ह्या बाबतीत दगड.

जुलैत सुट्टी लागायच्या आधी त्या एक पत्रक काढायच्या. हाताने लिहिलेलं, कडेने चित्रं. एका बाजूला वाचायची पुस्तकं, दुसऱ्या बाजूला सुट्टीत करायच्या गोष्टी. गावच्या संग्रहालयात मातीच्या बाहुल्या आहेत, बुधवारी सकाळी जा, गर्दी नसते. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, नाचाची तालीम देवळाच्या अंगणात चालते, ढोलवाल्या आजोबांना विचारा की ढोलाला कातडं कोणी चढवलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुम्ही माझ्या वयाचे असताना सुट्टीत काय करत होता. उत्तर मिळालं नाही तर नाशपाती सोलून द्या आणि पुन्हा विचारा. हे शेवटचं वाचून माझ्याकडे तीन पोरं नाशपाती घेऊन आली होती. मला म्हातारा समजतात म्हणून राग आला, पण नाशपाती खाल्ल्या.

सुट्टीत तलाव उघडा असे त्या दिवशी ग्रंथालयही उघडं. मुलं पोहून थेट वर यायची. पुस्तकापेक्षा तिथला एसी त्यांना प्यारा, हे मला माहीत होतं आणि बाईंनाही. त्या दारातच टॉवेल घेऊन उभ्या. प्रत्येक डोकं खसाखसा पुसल्याशिवाय आत सोडायच्या नाहीत. "पानं ओली झाली तर तुझ्याच केसांनी वाळवीन," म्हणायच्या. सुट्टीचा गृहपाठ म्हणून पुस्तकावर एक निबंध लिहावा लागतो, तो अर्ध्या घरांत आईच लिहिते. त्या आया ऑगस्टच्या शेवटी धापा टाकत यायच्या आणि विचारायच्या, "पातळ पुस्तक कुठलं?" बाई त्यांनाही विचारायच्या, काल जेवायला काय होतं.

आता त्या वर्षाचं सांगतो. माझा हात लिहायला नाखूश आहे, पण सांगतो.

जूनमध्ये नुमाताबाईंचे वडील न्हाणीघरात पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. घरात दुसरं कोणी नाही. बाई शाळेतून इस्पितळात, इस्पितळातून घरी, घरून बंदरावरच्या शाळेत. जिन्यात अर्ध्यावर थांबायला लागल्या. कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि मी दिसलो की उगाच सूचनाफलक वाचल्यासारखं करायच्या.

त्याच एप्रिलला तोकोरो सर नवे मुख्याध्यापक म्हणून आले होते. माणूस वाईट नाही. उत्साही आहे, आणि उत्साही मुख्याध्यापकाचा शिपायाला किती ताप होतो ते शिपायालाच विचारा. त्यांनी 'उन्हाळी वाचन मोहीम' काढली. एप्रिलपासून कोणी किती आणि कोणती पुस्तकं नेली, त्याचा प्रत्येक मुलाच्या नावाने एक कागद. तो ऑगस्टच्या सुरुवातीला, सुट्टीत मुलांना एक दिवस शाळेत बोलावतात तेव्हा द्यायचा. घरच्या मोठ्या माणसाने वाचून त्यावर सहीऐवजी आपला शिक्का मारायचा आणि सुट्टी संपताना मुलाने तो परत आणायचा.

बाई म्हणाल्या, "सर, आकडा पुरे. पुस्तकांची नावं नकोत."

"अहो, नावांतच तर गंमत आहे. पालकांना कौतुक वाटेल. आणि तुम्हाला लिहायचंय थोडंच? संगणकात एक बटण आहे."

मी तिथेच पंख्याची जाळी पुसत होतो. बाई आता पुन्हा बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी डोळे मिटले आणि त्या म्हणाल्या, "बरं."

त्या दिवशी त्यांना इस्पितळात चारला पोचायचं होतं. साडेतीनला त्यांनी बटण दाबलं. दोनशे सव्वीस कागद निघाले. वर्गवार लावून गठ्ठे मी बांधले. मीही बांधलेच, हे लिहायला हवं.

पाचवीत कोझुए नावाची मुलगी होती. उंच, किडकिडीत, खांदे कानाशी आणून चालणारी. आईवडील, आजी आणि ती. टेकडीखालच्या नाशपातीच्या बागा त्यांच्याच. ग्रंथालय उघडं असलं की ती यायचीच, बोलायची थोडं. तिचा तो कागद घरी गेला आणि आठ दिवसांनी ओबोन आलं.

ओबोन संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकापाशी गवत काढत होतो. फुमी आजी, म्हणजे कोझुएची आजी, मळ्यातल्याच कपड्यांत, गळ्यात टॉवेल, तरातरा आत आल्या. हातात तो कागद.

"ती पुस्तकवाली बाई कुठाय?"

नुमाताबाई खाली आल्या. आजींनी कागद त्यांच्या तोंडासमोर धरला.

"हे बघा. एप्रिल. मे. पुन्हा जुलै. तीनदा! हेच एक पुस्तक तीनदा नेलंय पोरीनं."

मी मान लांब करून पाहिलं. 'आईबाबा वेगळे होतात तेव्हा: मुलांचे पन्नास प्रश्न.' एकाखाली एक, सारख्या अक्षरांत.

"सोळा माणसं जेवायला बसलेली," आजी म्हणाल्या. "ह्यांचे भाऊ, जावा, ओसाकाहून नणंद आलेली. मी कौतुकानं कागद काढला. म्हटलं, बघा आमची नात किती वाचते! भिंग घेऊन मोठ्यानं वाचायला लागले. मोठ्यानं! तिसऱ्यांदा तेच नाव वाचलं तेव्हा माझ्या मुलाचा घास तोंडाजवळच थांबला. सून उठून आत गेली. सगळ्यांना कळलं. मला सगळ्यात शेवटी कळलं."

बाई कमरेतून वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"वाकू नका हो. वाकून काय उपयोग? आमच्या घरात काय चाललंय ते मला शाळेच्या कागदावरून कळायचं का? मी पोरीला विचारलं, तुला माहीत होतं? ती गप्प. मग मी तिला बोलले. घरातलं बाहेर नेलंस म्हटलं. पाहुण्यांदेखत बोलले. बोलायला नको होतं ते बोलले." आजींनी टॉवेलने तोंड पुसलं. "आणि ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बाईंनी सांगितलं."

मी आजींना सावलीत बसवलं, गार बार्लीचा चहा दिला. त्या दोन पेले प्याल्या. जाताना त्यांनी कागद बाकावर तसाच ठेवला. बाईंनी तो घडी घालून पर्समध्ये टाकला आणि वर गेल्या. अर्ध्या तासाने मी वर गेलो तेव्हा त्या पहिलीच्या मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या होत्या. अकरा वर्षांत मी त्यांना तिथे पहिल्यांदा बसलेलं पाहत होतो.

"सरांचं काम ते," मी म्हणालो. "त्यांच्या डोक्यातलं खूळ."

"बटण माझ्या बोटानं दाबलं, दादा."

"तुम्ही दमला होतात."

"हो. दमले होते. एवढं एकच होतं माझ्याकडे. बाकी काय, कोणीही पुस्तकं लावेल कपाटात. एवढं एकच मुलांना माझ्याकडे मिळत होतं, आणि तेवढंच मी दिलं टाकून."

मी एसीची जाळी काढून धुवायला नेली. ती आदल्याच आठवड्यात धुतली होती.

दोन दिवसांनी सकाळी फाटकाजवळच्या परतीच्या पेटीत कोझुएने सुट्टीसाठी नेलेली पाचही पुस्तकं सापडली. फडक्यात नीट बांधलेली. ती वर आली नव्हती. बाई तिच्या घरी जाऊ शकत नव्हत्या. ग्रंथालयाची बाई दारात दिसली की आळीत पुन्हा चर्चा. पत्र लिहावं तर ते आधी कोण उघडेल कोणास ठाऊक. त्यांनी एकच केलं. त्यांची कामाची पाळी नव्हती ते दिवसही त्या ग्रंथालय उघडून बसायला लागल्या. वडिलांना सकाळी इस्पितळात भरवून यायच्या, दुपारभर थांबायच्या. तलाव बंद झाला होता, कोणी येत नव्हतं. त्या फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसायच्या आणि जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करायच्या. बहुतेक वेळा तो मी असायचो.

मला राग यायचा. सरांचा, आजीचा, त्या पोरीचाही. रोज तिसरा मजला उघडायचा नि बंद करायचा तो कोणी? पण किल्ल्या मी दिल्या. नाही कशा देणार?

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी साडेतीनच्या सुमारास ती आली. मी ग्रंथालयाच्या दाराची बिजागरी घट्ट करत होतो. ती माझ्या शेजारून आत गेली आणि टेबलापासून चार हात लांब उभी राहिली.

"बाई, तुम्हीच सांगितलंत ना?"

मला वाटलं, आता बाई सांगतील. सर, मोहीम, संगणक, सगळं खरंच होतं. सांगितलं असतं तर त्यात खोटं काही नव्हतं.

"हो," बाई म्हणाल्या. "मीच. सांगायचं नाही हे मला माहीत होतं, तरी सांगितलं. चुकले मी, कोझुए. तुझं नुकसान केलं."

आणि त्या तिच्यापुढे वाकल्या, आजीपुढे वाकल्या होत्या तितक्याच खाली. मुलगी गोंधळली. मोठं माणूस आपल्यापुढे असं वाकतं तेव्हा काय करायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"बाबा आता शहरात राहतात," ती शेवटी म्हणाली. "आजी माझ्याशी नीट बोलत नाही. म्हणजे बोलते, पण जेव, झोप, एवढंच."

"हं."

"मी ते पुस्तक परत परत का नेलं माहितीये? त्यात आजीचं काही आहे का ते बघायला. पन्नास प्रश्न आहेत, पण आजीचा एकपण नाहीये."

मुलीने कपाटांकडे पाहिलं.

"इथेच बसून वाचलं, घरी नेलं नाही, तर कुठे लिहिलं जातं का?"

"नाही."

"संगणकात पण नाही?"

"कुठेच नाही."

"नक्की?" तिने विचारलं. अकरा वर्षांत हा शब्द त्या बाईला कोणा मुलाने ऐकवला नव्हता. मला तो छातीत लागला, त्यांना कुठे लागला असेल कोण जाणे.

"नक्की," बाई म्हणाल्या.

कोझुए निसर्गविज्ञानाच्या कपाटामागे जमिनीवर बसली आणि बंद करायची वेळ होईपर्यंत वाचत राहिली. मी वेळेचा पक्का माणूस आहे, पाच म्हणजे पाच. त्या दिवशी मी बिजागरी पावणेसहापर्यंत घट्ट केली.

सप्टेंबरात बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. "यापुढे पुस्तकांची नावं छापणार नाही. हवं तर मार्चमध्ये मला कमी करा." तोकोरो सरांनाही आजींची तक्रार कळली होती, ते कचरले. ठरलं की मोहीम वर्षभर चालवायची, पण नुसता आकडा छापायचा.

ग्रंथालय उघडं असेल त्या प्रत्येक दिवशी कोझुए यायची. जेवणाच्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. त्याच कपाटामागे. किती वाचलं असेल तिने? मी मोजलं नाही, पण एका पावसाळी आठवड्यात तिला चार वेगवेगळी जाड पुस्तकं हातात घेतलेली मी पाहिली. कपाट अख्खं संपवून ती पुढच्या कपाटामागे सरकली. जाताना पुस्तक जागेवर ठेवायची आणि रिकाम्या हातांनी घरी जायची. एकही पुस्तक तिने पुन्हा घरी नेलं नाही. बाई तिला काही सुचवत नव्हत्या. काल जेवायला काय होतं, हेही विचारत नव्हत्या. विचारायचा हक्क आपला गेला असं त्यांनी ठरवलं होतं बहुतेक.

जानेवारीत शिक्षकांची बैठक होती. मी कोपऱ्यात खोली गरम करायचा रॉकेलचा स्टोव्ह उघडून बसलो होतो. सरांनी मोहिमेचे आकडे वाचायला घेतले. शाळेची सरासरी वाढली होती, टाळ्या झाल्या. मग त्यांनी चष्मा वर केला.

"पाचवीत एक मूल शून्यावर आहे. ऑगस्टच्या शेवटापासून एकसुद्धा पुस्तक नाही. नुमाताबाई, हे कसं? तुम्ही वर बसता ना?"

नाव त्यांनी घेतलं नाही, पण वर्गशिक्षिकेने मान खाली घातली. सगळे बाईंकडे बघायला लागले. माझ्या हातात पाना होता. त्या पोरीने सबंध शाळेपेक्षा जास्त वाचलंय हो, असं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. मी अर्धा उठलोही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी खाली बसलो.

"माझं लक्ष कमी पडलं, सर," त्या म्हणाल्या.

"एखाद्या मुलाला ओढून आणायचं असतं, बाई. पुस्तकं काय, कोणीही लावेल कपाटात."

"हो सर."

बाहेर आल्यावर जिन्यात मी त्यांना गाठलं. "का नाही सांगितलंत? निदान ती वाचते एवढं तरी! पुस्तकाचं नाव कुठे मागितलं होतं त्यांनी?"

त्या कठड्याला धरून श्वास घेत होत्या. "सांगितलं की सर कौतुकानं वर्गात सांगणार. मग ते घरी आजीला कळणार, की पोरगी लपून वाचते. आणि पुन्हा तिला कळणार की कोणी सांगितलं."

"पण मार्च आलाय जवळ. तुमच्या वर्षाच्या शेऱ्याच्या कागदावर काय लिहितील ते?"

"लिहू देत."

त्यांनी लिहिलं. 'मुलांकडे लक्ष अपुरं.' तो कागद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आला. खाली 'वाचलं' म्हणून सही करायची जागा होती. बाईंनी माझ्याच टेबलावर टेकून सही केली आणि पेन परत दिलं. पुढच्या वर्षी त्यांना फक्त बंदरावरची शाळा मिळाली होती. तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. वर मुलं आली असतील म्हणून त्या जिना चढायला लागल्या, आणि पहिल्या वळणावर त्यांच्या शेजारून कोझुए दोन दोन पायऱ्या टाकत वर गेली.